वांगं न पाहिलेला डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, तीन पुडांचा, स्टीलचा, आणि माझ्या झाकणावर 'वि. ग. ढोबळे' असं नाव कोरलेलं आहे. हे नाव माझं नाही. मला रोज भरणाऱ्या बाईंचंही नाही. ते माझ्यातलं खाणाऱ्याचं आहे. भांड्यावर नाव कोणाचं असावं याचा विचार मी पहिली चाळीस वर्षं केलाच नाही. आता करतो, आणि त्याला कारण एक विमानप्रवास आहे.

पण सुरुवातीपासून सांगतो. माझा जन्म पत्र्याचा. दाबयंत्राखाली माझे तीन पूड निघाले, चाकावर घासून ते चकचकीत झाले आणि शेवटी दोन्ही बाजूंना कड्या बसल्या. भोपाळच्या चौकातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी महिनाभर टांगलेला होतो. १९७१ साली नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं. विनायकराव ढोबळे नागपूरचे. भोपाळच्याच पिपलानी भागातल्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते खरेदी विभागात नुकतेच लागले होते. सुमित्राबाई वर्धेकडच्या, आर्वीच्या. विनायकरावांनी मला विकत घेण्याआधी आणखी दोन दुकानं पाहिली, तिथले डबे हातात घेऊन तोलले आणि मग परत आले. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही त्यांच्या विभागाची शिस्त. ती त्यांनी घरीही आणली होती. दुकानदाराने मशीन चालवून झाकणावर नाव कोरलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये सकाळी सात वाजता बाई मला भरत. भरण्याआधी त्या विचारत, "अहो, आज काय देऊ?" आणि विनायकराव दाढी करता करता म्हणत, "काहीही दे. वांगं तेवढं नको." रोज हेच. वांगं म्हणजे नेमकं काय असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मेथी पाहिली, दोडका पाहिला, पाटवडी पाहिली, कारल्याशी तर माझं चांगलं जमलं. पण ज्याचं रोज नाव निघे, ते वांगं कधी माझ्यात आलं नाही. मी समजून होतो की तो काहीतरी विषारी पदार्थ असावा.

स्कूटरच्या हँडलला लटकून मी कारखान्यात जायचो. दुपारचा भोंगा झाला की विभागातले सगळे लांब टेबलाभोवती बसत आणि सगळे डबे मधोमध उघडत. ज्याला जे हवं त्याने ते घ्यावं, अशी तिथली रीत होती. त्या डब्यांत कधी वांगं असेलही, पण भाज्यांची नावं तिथे कोणी घेत नसे. शेजारच्या टेबलाचे शांताराम तर मी उघडायची वाटच बघत. "ढोबळे, वहिनींच्या हाताला काय चव आहे हो!" असं ते कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी तोंडात टाकून म्हणत. विनायकराव मान डोलावत, जणू वडी त्यांनीच लाटली होती. ते कौतुक घरी पोचलं का? कधीच नाही. रिकामा होऊन मी परतायचो, आणि रिकाम्या डब्याला जीभ नसते.

एक गोष्ट मी ओट्यावरून रोज पाहत असे. मला भरून झालं, मुलगा हेमंत शाळेत गेला, की कढईच्या तळाशी जे उरलं असेल ते बाई ताटलीत घेत आणि ओट्याशी उभ्यानेच खात. उरलं नसेल तर पोळी आणि चटणी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण काठोकाठ भरलोय याचा मला अभिमान होता. तो अभिमान कशाच्या जिवावर होता, हे तेव्हा कळायला हवं होतं.

पुढे विनायकराव मोठे अधिकारी झाले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात त्यांचं ताट न सांगता राखून ठेवलं जाऊ लागलं. उशीर झाला तरी पोळी गरम मिळे. माझी गरज संपली. बाईंनी मला फडताळात वर ठेवलं आणि पहिल्या पुडात बटणं, दुसऱ्यात हूक, तिसऱ्यात सेफ्टी पिना भरल्या. विनायकराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडून सगळे भोपाळमधल्याच अशोका गार्डन वस्तीतल्या छोट्या घरात आले, तेव्हा मीही बटणांसकट आलो. हललो की खुळखुळ्यासारखा वाजायचो. एकेकाळी ज्याच्या वासाने शांताराम खुर्ची सोडून उठत, त्याची ही अवस्था. फार वाईट वाटायचं, हे कबूल करतो.

२०११ साली हेमंतला टोरंटोत मुलगी झाली. आजीआजोबांना बारशाला बोलावणं आलं. कामानिमित्त हेमंत सारखा विमानाने फिरे, त्याचे पॉइंट साठले होते, त्यातून त्याने दिल्लीपासून पुढची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. फोनवर तो म्हणाला, "बाबा, शाकाहारी जेवण दोघांचं आधीच नोंदवून ठेवतो."

"नको," विनायकराव म्हणाले. "तिथे चॉइस असतो ना? मग न बघता ऑर्डर कशाला द्यायची?"

"अहो बाबा, संपतं कधीकधी."

"बिझनेस क्लासमध्ये? काहीतरीच काय!" आणि त्यांनी फोन ठेवला. ज्याचं ताट वीस वर्षं न सांगता राखलं गेलं, त्याला जेवण संपतं हे कोणी सांगूनही पटत नाही.

निघायच्या आदल्या दुपारी बाईंनी मला खाली काढलं, बटणं पिशवीत ओतली आणि मला चिंचेने घासलं. विनायकरावांनी पाहिलं.

"अगं, तिथे मांडीवर पसरायला कापडाचे रुमाल देतात. चिनी मातीच्या बशा असतात. आणि तू पुऱ्यांचा डबा उघडणार? शोभतं का?"

"बरं," बाई म्हणाल्या. बाईंच्या 'बरं'चा अर्थ विनायकरावांना चाळीस वर्षांत कळला नव्हता. मला कळत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पहिल्या पुडात तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तिसऱ्यात पुडाच्या वड्या होत्या. इतक्या वर्षांनी पोटात ऊब आली. मी शालीत गुंडाळला जाऊन हातातल्या बॅगेत बसलो.

दिल्लीच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून जाताना मी पकडला गेलो. वर्दीतल्या मुलीने माझ्या कड्या काढल्या. "माताजी, इसमें क्या है?"

"पूरी है, बेटा."

"बिजनेस क्लास में तो खाना मिलता है."

"मिलता होगा," बाई म्हणाल्या. "पर मिलने का क्या भरोसा?" मुलगी हसली आणि तिने स्वतःच माझ्या कड्या लावल्या. विनायकराव तेव्हा दहा पावलं पुढे उभे राहून आपला या डब्याशी काही संबंध नसल्यासारखे छताकडे बघत होते.

दुपारी विमान उडालं. आमच्या दोन खुर्च्या त्या वर्गाच्या शेवटच्या रांगेत होत्या. बाईंनी मला पायाशी ठेवलं, बॅगेची चेन अर्धी उघडी होती, त्यामुळे मला दिसत होतं. खरोखरच कापडी रुमाल आले. दोघांच्या हातात जाड कागदाची पत्रिका आली, तिच्यात जेवणाची नावं. विनायकरावांना मधुमेह आहे. जेवणाआधी गोळी, आणि गोळीनंतर अर्ध्या तासात जेवण, असं डॉक्टरांनी बजावलेलं. समोर रुमाल पसरलेला पाहून त्यांनी गोळी घेऊन टाकली. मग चष्मा लावला आणि टेंडर वाचावं तशी ती पत्रिका वाचायला घेतली.

विमानातली मुलगी पुढच्या रांगेपासून विचारत विचारत आमच्यापर्यंत आली. आधी बाईंकडे वळली. "मैडम, आप क्या लेंगी?"

"जो बचेगा, दे दीजिए," बाई म्हणाल्या. लगेच. विचार न करता.

"नहीं मैडम, बचा हुआ नहीं. आपकी पसंद बताइए."

मित्रांनो, मी बाईंना चाळीस वर्षं ओळखतो. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सशी त्यांना मी फाडफाड बोलताना ऐकलं आहे. या एवढ्याशा प्रश्नावर त्या अडल्या. त्यांनी पत्रिका जवळ धरली, लांब धरली. बोट एका ओळीवर थांबलं. विनायकराव कुजबुजले, "पनीर सांग."

"बैंगन," बाई म्हणाल्या.

विनायकरावांनी चष्म्यावरून बघितलं. मीसुद्धा चेनच्या फटीतून बघितलं. मुलीने लिहून घेतलं, "बघारे बैंगन, जीरा राइस," आणि ती विनायकरावांकडे वळली. त्यांनी विचारलं, पनीरमध्ये साय किती? पास्त्यात मैदा की रवा? डाळ कुठली? मुलगी दोन प्रश्नांपर्यंत हसली. तिसऱ्याला विनायकरावच म्हणाले, "आप आगे का देख लीजिए, मैं तुलना करके बताता हूँ."

आमची रांग शेवटची, आमच्यानंतर कोणी नव्हतंच. पण पलीकडच्या बाजूला दुसरी मुलगी विचारत होती, आणि दोघींचं जेवण एकाच ओट्यावरून निघत होतं. विनायकरावांची तुलना पुरी झाली, त्यांनी पनीर पक्कं करून घंटी दाबली, तेव्हा मुलगी खाली वाकून म्हणाली, "सर, सॉरी, पनीर खत्म हो गया. पास्ता भी. वेज में आखिरी बैंगन मैडम को मिला है. अब चिकन और फिश है. आपको ब्रेड और फल ला दूँ?"

उपाशी राहायची वेळ नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पाव होता, काकडी होती, पपईच्या फोडी होत्या. पण गोळी पोटात गेलेली, आणि पोळीभाताशिवाय विनायकरावांचं जेवण होत नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, अर्धा तास होत आला होता. नेमकी तेव्हाच बाईंची बशी आली. तिच्यावरून वाफ येत होती. तेलात तरंगणारी छोटी छोटी वांगी, दाण्याचा आणि तिळाचा वास. अच्छा, म्हणजे हे वांगं! विषारी तर अजिबात वाटलं नाही.

विनायकरावांनी बशीकडे पाहिलं आणि उदारपणे म्हणाले, "वांगं तर वांगं. दे इकडे. आज चालवून घेतो. तू पाव खा."

बाईंचे हात बशीला लागले. बशी उचलली गेली. अर्ध्या वाटेपर्यंत आलीसुद्धा. माझा पत्रा गार पडला. ती बशी तिकडे गेली असती तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं, विनायकरावांना नाही, बाईंनाही नाही.

मग हात थांबले.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे मी मागवलंय."

त्यांनी बशी परत आपल्यासमोर ठेवली, वाकून मला बॅगेतून बाहेर काढलं आणि विनायकरावांच्या पांढऱ्या रुमालावर ठेवलं. 'वि. ग. ढोबळे' हे नाव त्यांच्याकडे आलं. "हे तुमच्या आवडीचं आहे. लवकर खा, गोळी घेतली आहे तुम्ही."

विनायकरावांनी आजूबाजूला पाहिलं, शोभतं का ते. मग भुकेने निकाल दिला आणि त्यांनी माझ्या कड्या काढल्या. पहिली पुरी दोन घासांत गेली. शेजारी बाई चमच्याने वांगं तोडत होत्या. मग त्यांनी चमचा ठेवला आणि हातानेच खायला सुरुवात केली, बसून, सावकाश, भात गरम असताना. बाईंना गरम भात खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या पुरीनंतर विनायकरावांनी शेजारी पाहिलं. त्यांनी विचारलं, "तुला वांगं आवडतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आर्वीपासून."

त्यांनी एक वडी उचलली. वडी हातात तशीच राहिली. हिशेबात पक्का असलेला माणूस मनातल्या मनात काय मोजत होता, ते मला दिसत होतं. मीही तेच मोजत होतो. मलाही लाज वाटली. इतकी वर्षं मी बाईंच्या हातून भरलो, पण त्यांच्या आवडीने एकदाही भरलो नाही, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. जेवण झाल्यावर विनायकराव मला घेऊन विमानाच्या छोट्या न्हाणीघरात गेले आणि नळाखाली मला धुतलं. फार वाईट धुतलं. दुसऱ्या पुडाच्या कडेला चटणी तशीच राहिली. 

बारसं झालं. तीन महिन्यांनी आम्ही भोपाळला परतलो. एका सकाळी विनायकराव पिशवी घेऊन बाजारात गेले. अशोका गार्डनच्या भाजीबाजारात तीन गाड्यांवर त्यांनी वांगी उलटीपालटी करून पाहिली, देठ तपासले, आणि तिसऱ्या गाडीवरून पहिल्या गाडीवर परत येऊन अर्धा किलो घेतली. हे भाजीवाल्यानेच बाईंना नंतर हसत सांगितलं. बाईंनी त्यांची भरली वांगी केली. आपल्या मैत्रिणीकडे, पिपलानीच्या लीलाबाईंकडे त्या जेवायला निघाल्या, तेव्हा ती वांगी त्यांनी माझ्या तिन्ही पुडांत घातली. मी पहिल्यांदा सिटी बसमध्ये बाईंच्या मांडीवर बसून गेलो. झाकणावरचं नाव अजून तेच आहे. पण खालच्या पुडात तेलाचा एक पिवळा डाग आहे, तो बाई घासून काढत नाहीत, आणि मला तो नावापेक्षा जास्त आवडतो.

मित्रांनो, डबे जपून वापरा, त्यांच्यात बटणं भरू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुमचा डबा जी कोणी भरते, तिला एकदा विचारा, तुला काय खायला आवडतं? ती म्हणेल, जे उरेल ते. ते उत्तर घेऊन उठू नका. तिथेच बसून राहा. खरं उत्तर यायला वेळ लागतो. आमच्या बाईंना चाळीस वर्षं लागली.