मोठ्यानं वाचायचं पुस्तक

हयवदनरावांनी चष्मा पुसला, पुस्तकातली खूण काढली आणि पुन्हा चष्मा पुसला. सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं. उद्या सकाळी डॉक्टर त्यांचं स्वरयंत्र काढणार होते, आणि समोर पलंगावर बसलेल्या विमलाबाईंची नजर काचबिंदूनं केव्हाच नेली होती. उद्यापासून नवऱ्याला बोलता येणार नव्हतं आणि बायकोला तो आधीपासूनच दिसत नव्हता. देवाला थट्टाच करायची होती, तर कानडी मुलखातल्या या सगळ्या येलहंक्यात त्याला दुसरं घर सापडलं नाही.

"गळ्यात गाठ आहे, काढतात, चार दिवसांत घरी," एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं होतं. मुलगी आश्लेषा महिनाभर मागे लागली होती, "अण्णा, स्वल्प तरी विचार करा, अम्माला खरं सांगून टाका." "मी सांगतो," म्हणत म्हणत त्यांनी महिना घालवला. माणूस तसा धीराचा, फक्त ऐन वेळी त्यांना तो धीर सापडत नसे.

"वाचताय ना?" विमलाबाई म्हणाल्या. "नाटक कंपनी धारवाडहून निघाली होती. सामान बैलगाडीत."

संगीत नाटकाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं त्या घरात दुपारी मोठ्यानं वाचली जात. पूर्वी विमलाबाई स्वतः वाचत; डोळे गेले तसं ते काम नवऱ्याकडे आलं. नियमही विमलाबाईंचाच. पुस्तकात पद आलं की वाचणाऱ्यानं थांबायचं आणि ते गाऊन दाखवायचं. हयवदनरावांचा गळा बेताचाच, पण पलंगावरून "वन्स मोअर" यायचा म्हणजे यायचाच. त्या दोन शब्दांसाठी म्हातारा सकाळपासून खाकरून घसा साफ करत बसायचा.

आजच्या प्रकरणात बोलपट आला होता. गावोगावची थिएटरं सिनेमाकडे गेली, कंपन्या मोडल्या, लुगडं नेसून राणी झालेले नट घरी बसले. त्यातल्या एकानं रंगभूमीवर शेवटचं म्हटलेलं पद लेखकानं पूर्ण छापलं होतं. हयवदनराव थांबले आणि गायला लागले. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला, तरी तो त्यांनी शेवटपर्यंत ओढत नेला.

पलंगावरून काहीच आलं नाही.

"पुरे आज," विमलाबाई मायेनं म्हणाल्या. "घसा केवढा बसलाय. उद्याचं ते होऊन जाऊ दे, बरे व्हा, मग सावकाश गा. मी काय कुठे पळून जाते?"

बाईनं मायेपोटी हयवदनरावांची शेवटची दाद पुढच्यासाठी राखून ठेवली होती. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मिटता मिटताच तोंडातून निघून गेलं, "विमल, नंतर गाता नाही यायचं. बोलताही नाही. ते सगळंच काढणार आहेत."

वरून हवाईदलाचं विमान गेलं. त्याचा आवाज पार विरल्यावर विमलाबाई सरळ होऊन बसल्या.

"कधी ठरलं हे?"

"महिना झाला."

"महिनाभर मला कंपन्यांची भांडणं वाचून दाखवलीत, आणि हे नाही सांगता आलं?" त्या रडल्या नाहीत, संतापल्या. पदराचं टोक मुठीत धरून त्यांनी पार चुरगाळलं. मग आवाज खाली आला. "आता तुम्ही घरात आहात हे मला कळायचं कसं?"

हा प्रश्न हयवदनरावांनी महिनाभर जवळ फिरकू दिला नव्हता. स्वतःच्या गळ्याचं दुःख करण्यातच ते गुंतले होते, आणि आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"टाळी वाजवीन," ते म्हणाले.

"सरी, ठीक आहे. वाजवून दाखवा. इथं नको, आत जाऊन."

ते स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी उभे राहिले आणि टाळी वाजवली. मग आणखी एकदा, जोरात. दारात येऊन पाहतात तो विमलाबाई तशाच बसलेल्या, मान किंचित कलती करून.

"ऐकू आली?"

"आली," त्या म्हणाल्या. "पण ती कुणाचीही असेल हो."