पडद्यावरची माफी

“पुन्हा घेऊ या,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट मुलगी म्हणाली.

डबिंगवाल्या काकांनी हेडफोन मानेवर ओढला. “आता काय झालं? आवाज फुटला?”

“नाही. माफी मागतोय असं वाटत नाही.”

काका तुच्छतेनं हसले. त्यांची सगळी हयात खलनायकांना आवाज देण्यात गेली होती. पाणउतारा करावा तर काकांनीच. माइक बंद झाला तरी तो आवाज काही बंद व्हायचा नाही. घरात बायकोनं ऐकणंच सोडून दिलं होतं.

आजचा सिनेमा एका माजोरड्या कुरणमालकाचा होता. दारू पिऊन जीप हाकताना त्यानं एका गुराख्याचा पाय घालवला होता. न्यायाधीशानं त्याला तुरुंगात न धाडता त्याच गुराख्याच्या गोठ्यात शेण काढायला लावलं. आधी तो शिव्या घालत राबतो, मग नुसता राबतो आणि शेवटी गुराख्यासमोर टोपी काढून म्हणतो, “चुकलं माझं.”

“भंपक गोष्ट,” काका म्हणाले. “शेण काढून कुणाची अक्कल ठिकाणावर येते का?”

“ओळ म्हणा, काका.”

काकांनी गळा दाटून आणला. मुलीनं मान हलवली. मग त्यांनी हुंदका घातला.

“रडू नका. तो रडत नाहीये. ओठ बघा त्याचे.”

“तू मला शिकवणार? तुझा बाप तुझ्याच खुर्चीत...”

काका थांबले. तिचा बापही रेकॉर्डिस्ट, काचेपलीकडच्या त्याच खुर्चीत बसायचा. एकदा काका स्वतः ओळ विसरले आणि भर स्टुडिओत त्याच्यावरच घसरले होते, “कान गेलेत तर घरी बस ना, बहिरटा!” स्टुडिओच्या मालकानं ते खरं मानलं आणि त्याला घरी बसवलं. काकांनी त्या संध्याकाळी हा किस्सा चार लोकांत रंगवून सांगितला होता.

“बोला ना,” ती म्हणाली. “माझे बाबा काय?”

“काही नाही.”

“कान शाबूत होते त्यांचे. गेल्या उन्हाळ्यात बाबा वारले, तोवर शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा त्यांना. ओळ तुम्ही विसरलात, हे मालकांना सांगा म्हणून आई मागं लागली होती. बाबा म्हणाले, त्याच्या पोटावर पाय कशाला देऊ? त्याला दुसरं येतं तरी काय?”

तिनं आवाज चढवला नव्हता. तिनं चित्र मागं नेलं आणि लाल दिवा लावला.

पडद्यावर कुरणमालकानं टोपी काढली. काकांनी काचेकडे पाहिलं.

“चुकलं माझं.”

आवाज बारीक होता, म्हाताऱ्या माणसाचा. तिनं तो एकदा ऐकला.

“चालेल.”

काका माइकपाशी तसेच उभे राहिले. ती काहीतरी बोलेल असं त्यांना वाटत होतं. ती पुढचा प्रसंग लावत होती.

“आता पडद्यावर नुसती घोडी आहेत, बोलणं नाही,” मान वर न करता ती म्हणाली. “तुमचं काम झालं, काका.”

स्टुडिओचं दार जड होतं. आवाज होऊ नये म्हणून काकांनी ते दोन्ही हातांनी धरून सावकाश लावलं.