फुलसिंगची तार

आर्णीत संघदीपचं दुकान होतं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं, पण जीव अडकला होता एका लाल गाडीत. दोनच सीटांची, छप्पर मागे दुमडणारी विलायती स्पोर्ट्स कार. कोणे एके काळी ती राजूरच्या कोळसा खाणीवरच्या एका साहेबाची होती, मग कुठल्याशा कापसाच्या जिनिंगच्या गोदामात गंजत पडली. तिथून संघदीपने ती उचलून आणली आणि रविवारमागून रविवार खपून पुन्हा उभी केली. त्याची बायको साधना म्हणायची, "सवतच आणाची होती, तं निदान भाकरी थापणारी तरी आणाची."

त्यांची मुलगी दीपा मात्र बापाच्या पक्षात. कॉलेजातून सुट्टीला आली की गाडीची डावी सीट तिची. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि तिथे बापाच्या शेजारी बसून जायचं, हे तिने मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. मेळाव्यावाल्यांनी एकच खोडा घातला. गाडीची सर्व्हिस कोणी केली, काय काय बदललं, याचा पुरावा आणा म्हणाले. आता साहेब कधीच वारलेला, आणि त्याचे कागद कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

विचारत विचारत संघदीपला पत्ता लागला. राजूरला ही गाडी फुलसिंग नावाचा मिस्त्री सांभाळायचा. तोही आता राहिला नव्हता, पण त्याची बायको रुक्माबाई फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर होती. संघदीपने मोटारसायकल काढली आणि तिचं घर गाठलं.

"कागद कुठचे, बेटा?" म्हातारी हसली. "त्याले लिवता कुठं येत होतं?"

तिने आढ्यावरून एक तार खाली काढली. फुलसिंग बदललेला पार्ट कधी फेकायचा नाही. ज्या गाडीचा असेल, त्या गाडीच्या तारेत ओवून ठेवायचा. ही लाल गाडीची तार. आधी काळाठिक्कर प्लग, मग तडकलेला पंख्याचा पट्टा, मग तिरपा फाटलेला पाण्याचा पाइप, मग झिजून पत्र्याला लागलेला ब्रेक लायनर. आणि शेवटी, वेढा मारून बांधलेला हिरव्या बांगडीचा अर्धा तुकडा.

"हे काय व्हय, याडी?" तांड्याच्या बोलीत तिला आई म्हणत संघदीपने विचारलं.

"साहेबाची बायको. ब्रेक गेले अन गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. ती डाव्या बाजूले बसली होती, जागेवरच गेली. सीटखाली हे सापडलं." रुक्माबाईने तार त्याच्या हातात दिली. "घेऊन जाय. पण गाडीत ठेवू नको. मिस्त्री म्हणे, मी खराबी इथं बांधून ठेवली. तार अन गाडी एका जागी आली, का खराबी आपल्या घरी वापस जाते."

संघदीपच्या घरात लिंबू-मिरची, उतारे, अंगारे त्याच्या आज्यापासून बंद. कोणी भीती घातली की आधी त्यालाच चार प्रश्न विचारायचे, हे तो दीपालाही शिकवत आला होता. म्हातारीचं मन राखायला त्याने मान डोलावली, आणि घरी येऊन मुद्दाम ती तार गाडीच्या डिकीत ठेवली. गाडीचं रेकॉर्ड गाडीत नाही, तर काय साड्यांच्या कपाटात ठेवायचं?

दुसऱ्याच दिवशी इंजिन अडखळायला लागलं. नवाकोरा प्लग काढून बघतो तर कोळशासारखा काळा. बदलला. मग पंख्याचा पट्टा तडकला. तोही बदलला, म्हातारपणाचे नखरे म्हणून सोडून दिलं. मग दीपाला घेऊन चक्कर मारताना भस्सकन वाफ निघाली. पाण्याचा पाइप फुटला होता, तिरपा. हा तिरपेपणा आपण कुठेतरी पाहिला आहे, असं त्याला वाटलं, आणि त्याने डिकी उघडली.

तारेवरचा प्लग पांढराशुभ्र झाला होता. पट्ट्यावर एकही तडा नव्हता. पाइपला तर नव्या रबराचा वास येत होता.

खोटं कशाला सांगायचं, माणूस सपाटून घाबरला. गल्लीभर ज्याने शहाणपण वाटलं, त्याने आता हे कोणाला सांगावं? त्यातल्या त्यात एवढंच बरं होतं की ब्रेक लायनर अजून झिजलेलाच होता. सकाळी त्याने मायलेकींना बजावलं, "गाडीले कोणी हात लावाचा नाही." किल्ली खिशात घातली, तार पिशवीत टाकली आणि मोटारसायकलवर तांड्याकडे निघाला.

रुक्माबाई अंगणात तूर पाखडत होती. "याडी, हे तुमचं तुम्हीच ठेवा," म्हणत त्याने पिशवीत हात घातला. तार बाहेर आली. ब्रेक लायनर जाडजूड, कोरा करकरीत होता.

त्याने साधनाला फोन लावला. "दीपा कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? तुमच्याच संग हाय न! आत्ताच तं तुम्ही गाडी काढली. हॉर्न वाजवला, पोट्टी पयतच जाऊन बसली. मी म्हटलं, एवढ्यात वापस कसे आले? तं तुम्ही बोललेच नाही. माह्याकडं पाह्यलंबी नाही."

किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने वरून चाचपून पाहिली. मग दीपाला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली.

"बेटा, एकदा निघाली का खराबी तार दूर नेऊन थांबत नाही. तार पाह्य," रुक्माबाई म्हणाली.

बांगडीच्या तुकड्याची दोन्ही टोकं वाढत होती. हळूहळू वळत, एकमेकांकडे सरकत. इथे जे धड होतं ते तिथे तुटतं, एवढं त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने तुकडा ओढला, तो तारेवरून सुटेना. तेव्हा त्याने तो अंगणातल्या वाटणाच्या पाट्यावर ठेवला आणि मूठ आपटली. काच फुटली, आणि पुन्हा वाढायला लागली. त्याने पुन्हा मूठ आपटली. दीपाचं नाव घेत, रडत, आपटतच राहिला. रुक्माबाईने तारेचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. शेवटी पाट्यावर हिरवा चुरा आणि रक्त, एवढंच उरलं. चुरा हलला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा!" दीपाचा आवाज कापत होता. "कुठं गेले तुम्ही? गाडी पुलाच्या कठड्याले टेकून उभी हाय, अन तुम्ही कुठंच दिसून नाही राह्यले!"

"तुले लागलं तं नाही न?"

"मले काही नाही झालं. ब्रेक लागतच नव्हता, मंग तुम्ही स्टेअरिंगवर हात आपटत आपटत गाडी कठड्याले टेकवून थांबवली. पण बाबा, तुम्ही बोलत काहून नव्हते? सगळ्या स्टेअरिंगवर रक्त हाय. तुमचा हात किती फाटला होता!"

संघदीपच्या हातात काच रुतली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. फोनमध्ये गाडीचं इंजिन अजून चालू असल्याचं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"उतर, बेटा," तो म्हणाला. "आधी गाडीतून खाली उतर."