खांबाला लागलेला चेंडू

"कहाणी अर्ध्यावर सोडू नये. हातात तांदूळ घ्यावेत, शेवट बोलावा, मगच उठावं," आई सांगायची. मस्कतजवळ सीबला आल्यावरही श्रावणात रोज त्या त्या वाराची कहाणी मी वाचत असे. ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून आमचे हे, शांताराम, तळमजल्यावरच्या वेर्नरसाहेबांना चहाला बोलावून बसवत.

साहेब एकेकाळी जर्मनीकडून फुटबॉल खेळलेले. म्हातारपणी इथल्या क्लबात शिकवायला आले. हे तिथेच खेळाडूंचे मालिशवाले. क्लब सुटला तरी साहेबांनी सीब सोडलं नाही. एका मोठ्या सामन्यात त्यांनी मारलेली शेवटची पेनल्टी खांबाला लागली, संघ हरला, आणि देशाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. हे ते स्वतःच हसत सांगत. "शांताराम, तो खांब अजून माझी आठवण काढत असेल!"

मग त्यांना विसर पडू लागला. डॉक्टर म्हणाले, जुनं बोलत राहा. म्हणून २०१४च्या श्रावणात माझी कहाणी झाली की मी त्यांची सांगू लागले, आणि हे इंग्रजीत करून देत. खांबापर्यंत पोचले की सवयीने माझ्या तोंडून निघे, "सुफळ संपूर्ण."

एकदा साहेबांनी विचारलं, म्हणजे काय?

"ऑल सक्सेस, सर. फुल कम्प्लीट," ह्यांनी सांगितलं.

साहेबांचा चेहरा उजळला. "गोल?"

ह्यांना 'नो' म्हणवेना.

आम्हाला वाटलं, बरं झालं, सुखात राहतील. पण साहेब बॅग भरून, बुटांच्या नाड्या आवळून दारातल्या पायरीवर बसू लागले. नुकताच जर्मनीने विश्वचषक जिंकला होता. त्या संघाची गाडी आपल्याला न्यायला येणार, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"यल्ला सर, जेवायला चला," हे म्हणत.

"गाडी चुकेल. गोल मी केला ना? मग मला बोलावत का नाहीत? माझं काय चुकलं?"

त्यांची मुलगी करीन जर्मनीहून आली. दोन दिवस बापाशेजारी उन्हात बसली. मग वर येऊन बोलली, ते ह्यांनी मला मराठीत सांगितलं, "खांबाचं दुःख त्यांनी पचवलं होतं. आता कशाचं दुःख तेच त्यांना कळत नाही. मी खरं सांगते तर परकी समजून हाकलतात. तुमचं ऐकतील." मी तिचा हात धरून शब्द दिला.

सकाळी ह्यांना म्हटलं, "तुम्हीच सांगा ना. मला कुठे इंग्रजी येतं?"

"मी? गोल मीच करून दिला त्यांना. माझ्या तोंडून नाही निघायचं, शीला."

"मग काय म्हणू? मिस?"

"मिस नको. पोस्ट म्हण, म्हणजे खांब. त्यांना कळेल."

"आणि रडले तर?"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि उठून खिडकी उघडली.

मी खिडकीतून पाहिलं. साहेब बसलेच होते, बॅग मांडीवर. करीन त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. मी देवाला हात जोडले, पदर सावरला आणि "पोस्ट, पोस्ट" असं मनात घोकत हलके हलके जिना उतरू लागले.