थडग्याला फुटलेला कंठ

सारी टेकडी माणसांनी भरली होती. पोरं आंब्याच्या फांद्यांवर, बाया चटयांवर, आणि सगळ्यांचे डोळे पाद्री डंकनच्या थडग्यावर. मरून शंभर वर्षं होत आलेला गोरा माणूस आज बोलणार होता.

"उजवीकडे बसा, उजवीकडे! डावीकडची चटई देवदूतांची आहे!" झांबियाच्या हद्दीकडून आलेला संदेष्टा झकेयो गर्जत होता. "तिच्यावर पाय पडला तर पाय झडेल!"

"पंख असणाऱ्यांना चटई कशाला रे?" मी पुटपुटले.

"आई, आज तरी गप्प बस," माझा मुलगा मातेयू म्हणाला.

त्याच्या मांडीवर माझी नात लुसुंगू पडून होती. तिला साखरेचा आजार. कालपासून तिला सुई टोचलेली नव्हती. इन्शुलिनच्या कुप्या आम्ही ओल्या वाळूच्या मडक्यात गार ठेवतो. ते मडकं मातेयूनेच नेऊन थडग्यावर ठेवलं होतं. पाद्रीचा आवाज होकार देईल तेव्हाच औषध परत, अशी झकेयोची अट. पोर भराभर श्वास घेत होती. तोंडाला सडक्या फळांचा वास येत होता.

झकेयो गातो मात्र गोड. गाऊन केलेल्या उपदेशावर माझा जीव. एक ओळ त्याची, एक मंडळीची. माझ्याही टाळ्या सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात थडगं बोललं. घोगरं, विहिरीच्या तळातून यावं तसं.

"लेकरांनो... मुलीला औषध देऊ नका... ढोल वाजवा... माझा लाडका ढोल..."

मंडळी रडू लागली. माझे हात थांबले.

आमच्या घरात पाद्री डंकनच्या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. माझे आजोबा येसाया त्याचं सामान डोक्यावर घेऊन सरोवरापासून इथवर चढले. त्याने चर्चच्या आधी दवाखाना बांधला आणि देवीची साथ आली तेव्हा आजोबांच्या दंडावर स्वतःच्या हाताने लस टोचली. आणि चर्चच्या याच अंगणात आजोबांचा ढोल सैतानाचा म्हणून जाळला. "एका हाताने जीव दिला, दुसऱ्याने ताल नेला," आजी म्हणायची. आम्ही ते उपकार विसरलो नाही आणि तो जाळही विसरलो नाही.

"मातेयू, हा डंकन नव्हे."

"अगं, मेल्यावर माणूस बदलतो!"

"इतका? जाळलेला ढोल लाडका झाला, आणि औषध नकोसं झालं?"

मी उठले आणि तडक डावीकडे निघाले.

"म्हातारे, पाय झडेल!" झकेयो किंचाळला.

"झडू दे. गुडघे तसेही गेलेलेच आहेत."

सगळं वजन टाकून मी देवदूतांच्या चटईवर बसले. खाली काहीतरी लांबट, मऊसर दबलं.

"मुलीला औ—" आवाज चिरडला. मी जरा सरकले.

"—षध देऊ—"

पुन्हा नीट बसले. बंद.

आंब्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. मी चटई उलटली. बाग शिंपायची निळी नळी! एक टोक थडग्याच्या भेगेत, दुसरं चर्चच्या मागच्या खोलीत. तिथे झकेयोचा मेहुणा तोंडाला नरसाळं लावून बसला होता.

मातेयूने नळीकडे पाहिलंही नाही. त्याने मडक्यावर झडप घातली. "आई, तू टोच. मी सायकल काढतो."

मी सुई टोचली. मग पोरीला पाठीशी बांधून त्याने सायकल इस्पितळाकडे हाणली. अजून थोडा उशीर केला असता तर पोर गेली असती, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लुसुंगू वाचली. झकेयो मात्र गर्दीतून निसटला. परवा डोंगरापलीकडून बाजाराला आलेल्या बाया सांगत होत्या, त्यांच्याकडच्या जुन्या पाद्रीच्या थडग्यालाही कंठ फुटलाय. औषधं गोळा होतायत.

माझा प्रभूवर विश्वास आहे, मरेपर्यंत राहील. म्हणूनच सांगते. गा, नाचा, ढोलही वाजवा. पण लेकराचं औषध थांबवा म्हणणारा आवाज आला, की आधी डोळे उघडा आणि चटई उचला. देवाला बोलायला नळी लागत नाही.