पुतळ्याची खोळ

"अगं, घरी जेवायला घालतात की नुसता वास देतात?" बटणवाली म्हणाली आणि सगळं शिलाईघर हसलं.

मी मशीनवरून मानही वर केली नाही. "घालतात की. पण तुमचा डबा बघितला की माझी भूकच मरते."

पुन्हा हसले, या वेळी तिला. माझं हे असंच आहे, कुणी अरे म्हटलं की मी कारे म्हणणार. माझी ताई तशी नव्हती. तिला काडी म्हणायचे, हाडांचा सापळा म्हणायचे, पाप्याचं पितर म्हणायचे, आणि ती बिचारी त्यांच्याबरोबर हसायची. याच खिडकीखालच्या मशीनवर ती बसायची. ती गेली आणि तिच्या जागेवर मी आले. आल्या दिवसापासून मी छोटी काडी.

आमच्याकडे तयार फ्रॉक शिवतात. कापणारे मास्तर म्हणजे एक वल्ली. सगळ्यात लहान मापासाठी त्यांना विकतचा पुतळा पटत नाही. म्हणतात, फ्रॉक माणसं घालतात, लाकडं नाही. म्हणून त्यांची एक पद्धत आहे. कारखान्यातली सगळ्यात बारीक बाई धरायची, महिन्यातून एकदा टेप लावून तिचं अंग मोजायचं आणि कापडी पुतळा तिच्या मापाचा करायचा. अंग भरलं असेल तर खोळ उसवून आत कापूस घालायचा, उतरलं असेल तर कापूस काढून खोळीला टीप घालायची. मग महिनाभर त्या पुतळ्यावर फ्रॉक चढवून बघायचे.

तो पुतळा ताईचा होता.

दर महिन्याला टेप लावताना मास्तर म्हणायचे, "काडे, आणखी एक मूठ कापूस काढायला लावलास बघ!" आणि सगळे हसायचे. पोटात दुखतं हे तिने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पुढे दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले. लहान मापाचा फ्रॉक कुणालाच होईना. मास्तरांनी चूक कात्रीत शोधली, कापडात शोधली, शिवणाऱ्या बायकांना झापझाप झापलं. चूक कुठेच नव्हती. ताईबरोबर पुतळा आटत गेला होता आणि पुतळ्याबरोबर माल. हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत ताईने अंथरूण धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

मी आले तेव्हा मास्तरांनी पुतळ्याच्या सगळ्या टिपा उसवल्या आणि माझ्या मापाने कापूस भरला. तेव्हा मी बरी होते. पण खोळीवर सुईची जुनी भोकं राहिली ती राहिलीच. कमरेवर ओळीच्या आत ओळ, ओळीच्या आत ओळ.

तो पुतळा दांड्यावर फिरतो. रोज सकाळी मी त्याचं तोंड भिंतीकडे करते. तोंड कसलं म्हणा, त्याला डोकंच नाही. दुपारपर्यंत तो माझ्याकडे वळलेला असतो. पंख्याच्या वाऱ्याने फिरतो, मास्तर म्हणतात. पंखा माझ्याही डोक्यावर आहे, मी नाही फिरत! ताईचा डावा खांदा जरासा उतरता होता, मास्तरांनी तोही तसाच उतरवलेला, आणि माझ्या मापाने कापूस भरला तरी खांदा तसाच राहिलाय. फ्रॉक घालून पाठमोरा उभा असला की हाक मारावीशी वाटते. एकदा मारली. शेजारची म्हणाली, "कुणाला गं?" मी म्हटलं, "तुला नाही, तू शीव."

आता खरं ते सांगते. माझ्या डाव्या बरगडीखाली दुखतं. जेवलं की जास्तच. घरी आई समोर बसते आणि माझा एकेक घास बघते. एक लेक तिच्या डोळ्यांदेखत विझली. तिला काय सांगू, की आता दुसरीचीही तीच तऱ्हा? मी हसत हसत ताट चाटूनपुसून संपवते, मग न्हाणीघराचं दार लावून भिंत धरून उभी राहते. डॉक्टरकडे जायला पाय उचलत नाहीत. बोललं तर खरं होईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.

आणि आज टेपचा दिवस होता.

टेप लावताना सगळ्या जमतात, जसा काही तमाशाच आहे. मास्तरांनी कमरेभोवती टेप फिरवली, ओढली, पुन्हा ओढली.

"छोटे! तूही कापूस काढायला लावणार तर!"

"मास्तर, हिलाच बसवा दांड्यावर," बटणवाली म्हणाली. "पुतळ्याची कटकटच नको."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, झणझणीत. पण मास्तरांनी खोळ चिमटीत धरून सुई हातात घेतली होती, आणि नेहमीप्रमाणे दुसरं टोक मी ताणून धरलं होतं. खोळीचं कापड जाड असतं, सुई रेटावी लागते. आज ती रेटावी लागेना. लोण्यात जावी तशी जात होती. मी वाकून पाहिलं. सुई जुन्या भोकातून आत जात होती आणि जुन्या भोकातून बाहेर येत होती. सगळी टीप ताईच्या एका ओळीवर बिनचूक पडत चालली होती. त्या ओळीच्या आत अजून थोड्या ओळी होत्या. त्यांच्या पुढे कोरं कापड. तिथे ताई संपली होती.



"मास्तर, भोकं बघा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा नाकावर ओढला, पाहिलं आणि हात तिथेच थांबवला. बटणवालीला काहीच कळलं नव्हतं. "काय गं, आज जीभही बारीक झाली वाटतं?"

तेव्हा माझा तोल गेला.

"हो, झालेय मी बारीक! सगळ्यांना दिसतंय. ताईही दिसत होती. अहो, टेप लावून मोजत होतात तुम्ही तिला! इतक्या डोळ्यांनी बघितलं, इतक्या तोंडांनी हसलात, आणि एकीच्याही तोंडून निघालं नाही की बाई गं, तुला काही होतंय का? फ्रॉक परत आले तेव्हा जाग आली तुम्हाला. फ्रॉक! काडी म्हणायला जीभ बरोबर वळते, मग एवढं विचारायला काय झिजते का? विचारा ना! एकदा तरी विचारा!"

  

बटणवालीने मांडीवरचा बटणांचा डबा खाली ठेवला आणि ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता कडाकडा भांडणार. मी पदोपदी पाणउतारा केलेली बाई ती. तिने माझ्या दंडाला धरलं. आवाज तिचा नव्हताच, इतका हळू होता.

"तुला काही होतंय का गं?"

आता आली का पंचाईत! छे, मला काय धाड भरलीय, हे माझ्या तोंडात आलंच होतं. रोज आईला तेच तर सांगते. मी हसायलाही लागले होते. आणि तिच्या खांद्यावरून मला तो दिसला, डावा खांदा उतरलेला, माझ्याकडे वळलेला, कमरेत मास्तरांची सुई तशीच लोंबत असलेला. ताईला कुणी विचारलं असतं तर तीही हसलीच असती. अशीच.

मी बटणवालीचा हात धरला आणि बरगडीखाली नेऊन ठेवला.

"हो," मी म्हटलं. "इथे दुखतं. खूप दिवस झाले. आईला माहीत नाही."