दहशतीचा नियम

अमोल शाळेत इतिहास शिकवायचा आणि घरी लढाया करायचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या. तीन वर्षं खपून त्यानं पटावरचा एक खेळ तयार केला होता. दोन फौजा, घोडदळ, हत्ती, किल्ले, आणि या सगळ्यांच्या वर दहशत. जुन्या लढायांत तलवार म्यानातून निघायच्या आधीच निम्मं काम आरोळ्या आणि नगारे करायचे, हे वर्गात सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. म्हणून त्यानं खेळात तसा नियमच केला. हल्ल्याआधी आरोळी ठोकायची, आणि समोरच्यानं ती तोंडातून चकार शब्द न काढता झेलायची. बोललात किंवा हसलात की धैर्याची एक सोंगटी गेली. सगळी गेली की फौज पळाली.

कागदावर नियम झकास होता. खेळणारी माणसं मात्र नाशिकची होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिला डाव मांडला, तेव्हा मेहुणा सनी छाती फुगवून ओरडला, "हर हर..." समोर त्याची बहीण उज्वला, म्हणजे अमोलची बायको, शत्रूची सेनापती म्हणून बसली होती. तिनं हात वर करून दणक्यात "महादेव" म्हटलं. बघायला आलेले शेजारीही तिच्याबरोबर ओरडले.

"अगं, तो शत्रू आहे तुझा," अमोल म्हणाला.

"असू दे. हर हर म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? तोंडातून निघतंच ते."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. भ्यायचं कोणी नावच घेईना. शेवटी अमोलनं सगळ्या ओळखीच्या आरोळ्यांवर बंदी घातली आणि स्वतः एक रचली: "खणाण खड्ग, दणाण दुर्ग." ती ऐकून सनी म्हणाला, "दाजी, भांडीवाली आल्यासारखं वाटतंय." दोन्हीकडचे इतके हसले, की दोन्ही फौजांचं धैर्य संपलं आणि रणांगणावर फक्त हत्ती उरले. अमोलला रडू यायचं बाकी राहिलं होतं. एवढी साधी गोष्ट, घाबरायची, आणि तीही या लोकांना जमू नये?

त्यात पुण्याचा एक खेळ छापणारा, ललित नावाचा, डाव बघायला येणार होता. "माझं नाव बारीक छापा, नाही छापलं तरी चालेल," अमोल उज्वलाला म्हणाला, "पण दहशतीचा नियम राहिला पाहिजे. तो गेला तर माझा खेळच गेला."

ललित आला. सगळ्यांना आधीच तंबी दिलेली होती, आणि पहिला अर्धा तास सगळे शहाण्यासारखे खेळलेही. मग किल्ला पडायच्या बेताला आला, सनीच्या अंगात आलं आणि तो सगळं विसरून गरजला, "हर हर..." अख्खा हॉल उठला. ललित तर खुर्चीवर चढायचाच बाकी होता.

"हेच पाहिजे," तो अमोलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "दहशत काढून टाका. समोरचा जितक्या जोरात साथ देईल तितके गुण. सहलीत खेळतील, लग्नघरात खेळतील."

"पण मग ती लढाई राहत नाही," अमोल म्हणाला. "सगळे मिळून ओरडायला लढाई कशाला पाहिजे?"

ललितनं खिशातून फोन काढून कानाला लावला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला. "हो साहेब, तुमचाही खेळ आहे डोक्यात. इथलं नाही जमलं तर आजच तुमचं नक्की करतो." एवढ्यात कानाला लावलेला तो फोनच वाजला. ललितनं तो शांतपणे बंद केला, डोळ्याची पापणी हलवली नाही आणि आणखी चढ्या आवाजात विचारलं, "मग मास्तर? हो की नाही? मला निघायचंय."

अमोलला सगळं कळलं. ही जुन्या लढायांतलीच युक्ती होती: फौज लहान असली की रात्री छावणीत जास्तीच्या शेकोट्या पेटवायच्या, म्हणजे लांबून ती मोठी दिसते. खेळाच्या पटावर त्या शेकोट्यांचं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं काढलं होतं. फोनच्या पलीकडे कोणी नाही, एवढं म्हटलं की संपलं. त्यानं तोंड उघडलं. ललितचा आवाज अजून हॉलभर घुमत होता.

"चालेल," तो म्हणाला. "काढून टाका."

ललित गेला. उज्वला सोंगट्या डब्यात भरत होती. तिनं वर पाहिलं.

"त्याच्या फोनवर कोणीच नव्हतं."

"माहीत आहे."

"मग हो का म्हणालास?"

अमोल पट गुंडाळत राहिला. स्वतःचा इतका संताप त्याला कधी आला नव्हता.

"मोठ्यानं बोलत होता ना तो," तो म्हणाला.